गालांचा दाखला

लीलाधर निकुंभने सकाळी सव्वाअकरा वाजता हालचाल नोंदवहीत चौथ्यांदा ‘शौचास’ असं लिहिलं, सही ठोकली आणि पेन टेबलावर आपटलं. पेनाचं टोपण उडालं ते थेट हेडक्लार्क भाईदास आप्पांच्या चहात.

“चौथी वेळ,” आप्पा चमच्याने टोपण काढत म्हणाले. “आत्ताच तर जाऊन आलास ना रे?”

“किल्ली द्या, आप्पा.”

“देतो रे. परतायची वेळ लिहायची राहिली बघ मागची. साहेबांनी सांगितलंय, एकही रकाना कोरा नको.”

“किल्ली द्या!”

किल्लीला वीतभर लांबीची फळी बांधलेली होती, म्हणजे ती कुणाच्या खिशात जाऊ नये. ती फळी घेऊन लीलाधर मागच्या अंगणाकडे धावला आणि आठ टेबलांवरच्या आठ माना त्याच्यामागे वळल्या. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी “सांभाळून हो निकुंभ!” म्हणालं. बाकीचे हसले. रोज हसायचे. एकच विनोद दिवसातून सात वेळा ऐकून सातही वेळा हसणारी माणसं फक्त सरकारी कचेरीतच सापडतात.

कचेरी धुळ्यातली. खातं कोणतं ते सांगत नाही. सांगितलं तर त्या खात्याला राग येईल आणि बाकीच्या खात्यांना वाटेल आपण सुटलो. सन त्र्याण्णवच्या जून महिन्यात तिथे कोठावदे साहेब नवे आले आणि त्यांनी शिस्त आणली. खुर्ची सोडणाऱ्याने नोंदवहीत जाण्याची वेळ, कारण आणि परतायची वेळ लिहायची. कारणाशिवाय उठायचं नाही. हा हुकूम आल्यापासून कचेरीतला चहा बंद होईल असं साहेबांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. लोक ‘टपालकामी’ लिहून चहाला जायचे, ‘चौकशीकामी’ लिहून भाजी आणायला जायचे, आणि एकाने तर ‘स्थळपाहणी’ लिहून मुलीसाठी स्थळ पाहून आणलं. नोंदवही गच्च भरलेली आणि साहेब खूश.

खरं कारण लिहिणारा सबंध कचेरीत एकच मूर्ख होता.

लीलाधरला हा स्वभाव बापाकडून आला होता आणि आजार कुठून आला ते कुणालाच माहीत नव्हतं. तिसाव्या वर्षी पोट दुखायला लागलं, जुलाब लागले, वजन उतरलं. आतड्याचा टीबी म्हणून त्याने नऊ महिने औषधं घेतली. बरं वाटेना, म्हणून पुन्हा नऊ महिने घेतली. त्यात आणि डॉक्टर बदलण्यात सहा वर्षं गेली. मग देवपुरातल्या डॉक्टर कुवरांनी त्याला मुंबईला धाडलं. तिथे नळी घालून तपासलं, आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहिला आणि नाव सांगितलं: क्रोन्स डिसीज. लीलाधरने ते नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि चिठ्ठी पाकिटात ठेवली, कारण विचारणारे पुष्कळ होते आणि ऐकून घेणारा एकही नव्हता.

“हे बघा निकुंभ,” कुवरांनी समजावलं होतं, “शेताला राखणदार ठेवतो ना आपण? तुमच्या शरीराचे राखणदार चोर सोडून मालकालाच झोडपतायत. आतड्याला सूज येते, जखमा होतात. तुम्ही काही पाप केलेलं नाही, काही वाईट खाल्लेलं नाही. हा आजार मुळासकट जात नाही. झोपतो. त्याला झोपवून ठेवायचं.”

“आणि उठला की?”

“पुन्हा झोपवायचं.”

ऑगस्टमध्ये तो उठला होता. तेव्हापासून लीलाधरला धुळं शहर वेगळंच दिसायला लागलं. देवपुरातलं घर ते कचेरी अडीच किलोमीटर. त्यात त्याच्या लेखी फक्त चार ठिकाणं होती: पुलाअलीकडचं सार्वजनिक, पुलापलीकडच्या हॉटेलचं मागचं, एका ओळखीच्या शिंप्याचं, आणि कचेरीचं. मधला पूल ओलांडताना तो सायकल अशी हाणायचा की पोलिसाला वाटावं, हा काहीतरी चोरून पळतोय.

कुवरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. रोज सकाळी नाश्त्यानंतर एकदम आठ.

“जुलाब कमी होतील,” ते म्हणाले. “पण भूक लागेल, चेहरा सुजेल आणि राग येईल.”

“राग?”

“चिडचिड. गोळ्यांचीच असते ती. मनावर घेऊ नका.”

जुलाब लगेच काही कमी झाले नाहीत. चेहरा मात्र पंधरा दिवसांत भरायला लागला. महिन्याने गाल इतके वर आले की हसताना डोळे दिसेनात. तसा तो हसत नव्हता, हा भाग वेगळा. आतून माणूस पोखरलेला, पाय काटकुळे, आणि वर हे गुटगुटीत, लालबुंद, लग्नातल्या जावयासारखं तोंड. आणि इथून खऱ्या संतापाला सुरुवात झाली.

“वा! तब्येत सुधारली!” दूधवाला म्हणाला.

“लागलं बरं का खाल्लेलं,” शेजारीण म्हणाली.

“कोणत्या चक्कीचं पीठ?” शिंप्याने विचारलं, आणि हे त्याने लीलाधर त्याच्याच संडासातून बाहेर येत असताना विचारलं.

सासुरवाडी जळगावकडची. मेहुणा चुडामण एका कामासाठी येऊन गेला, जावईबापूंचे गाल पाहून त्याला भरून आलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्याने भरिताच्या वांग्यांची गोणी धाडली. सोबत चिठ्ठी: ‘आता पथ्य पुरे.’ लीलाधरला त्या दिवसांत बी, साल आणि मिरची वर्ज्य होती. वांग्यात बी होतं, साल होती, आणि भरितात मिरचीशिवाय असतं काय? शेवंताने, म्हणजे त्याच्या बायकोने, गोणी गल्लीत वाटून टाकली. ताटावर मऊ भात आणि मुगाचं वरण घेऊन बसलेल्या लीलाधरला चारी बाजूंनी वांगी भाजल्याचा वास आला. त्या संध्याकाळी त्याने एक पितळी तांब्या भिंतीवर फेकला.

“गोयीना राग शे,” शेवंता तांब्या उचलत म्हणाली. “डॉक्टर सांगी गयेत ना.”

“गोळीचा नाही! माझा आहे! मेहुण्याचा आहे!”

“बरं. तुमना तर तुमना.”

सप्टेंबर संपला. साहेबांनी महिन्याची नोंदवही मागवली, आणि भाईदास आप्पांनी दोन दिवस बसून गोषवारा तयार केला. आठ माणसांच्या नावापुढे टपालकाम, चौकशीकाम आणि स्थळपाहणी होती, म्हणजे सरकारी काम. नवव्याच्या नावापुढे होतं: ‘खासगी कारणासाठी जागा सोडणे – एकशे एकाहत्तर वेळा.’ लीलाधरच्या हातात मेमो पडला. तीन दिवसांत खुलासा करावा, नपेक्षा शिस्तभंगाची कारवाई का करू नये?

लीलाधर मेमो घेऊन साहेबांच्या खोलीत शिरला. परवानगी मागायची राहिली.

“साहेब, हे काय आहे?”

“तुम्हीच लिहिलंय, निकुंभ. तुमचंच अक्षर, तुमचीच सही.”

“मी खरं लिहिलंय!”

“म्हणून तर सापडलात,” साहेब म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. “एकशे एकाहत्तर! अहो, महिन्यात कामाचे दिवस किती?”

“साहेब, आजार आहे मला. आतड्याचा. डॉक्टरांचा कागद लावलाय सेवापुस्तकाला.”

साहेबांनी त्याला चष्म्याखालून न्याहाळलं, मग चष्म्यावरून न्याहाळलं. ते स्वतः किडकिडीत होते आणि गालफडं बसलेली होती.

“आजारी माणूस असा दिसतो?”

“गोळ्यांनी चेहरा सुजलाय.”

“आम्हालाही द्या की त्या गोळ्या,” साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. दाराशी उभे असलेले आप्पाही हसले. साहेब हसले की हसायचं, ही आप्पांची पंचवीस वर्षांची नोकरी. लीलाधरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो टेबलावर हात आपटून म्हणाला, “रक्त पडतं, साहेब! दिवसातून सात वेळा जाऊन बघतो मी ते! हौस आहे का मला?”

साहेबांनी फाइल ओढली.

“असं? मग मेडिकल बोर्डापुढे जा. ते सांगतील तुम्ही आजारी आहात की नाही. आणि नसाल, तर पिंपळनेरची फिरतीची जागा रिकामी आहे. महिन्यातले पंचवीस दिवस जीपमध्ये. मोकळी हवा आहे, मानवेल तुम्हाला.”

पिंपळनेर धुळ्याहून दोन-अडीच तासांवर. एस.टी. वाटेत साक्रीला थांबते, आणि माणसाला हवं तेव्हा थांबत नाही. जीप त्याहून वाईट. जीपमध्ये साहेब असतो. पाड्यापाड्यांतून दिवसभर फिरायचं, संडास नाही, पाणी नाही, आणि आतडं बिघडलं तर कुवर सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. लीलाधरला रात्री घरी आल्यावर हे सगळं शेवंतापुढे बोलूनही दाखवता आलं नाही. एवढंच म्हणाला, “तिकडे गेलो तर मी मरेन.” हे तो चिडून म्हणाला नाही, आणि त्यामुळे ती जास्त घाबरली.

मेडिकल बोर्ड मंगळवारी बसायचं. पहिल्या मंगळवारी लीलाधरचा नंबर चौदावा होता. सव्वातीन तास बाकावर बसल्यानंतर त्याला उठावं लागलं, आणि तो आत असतानाच चौदावा नंबर पुकारला गेला. परत येऊन पाहतो तर कागदावर शिक्का: ‘अनुपस्थित’.

“अहो, मी संडासात होतो!” तो शिपायाला म्हणाला.

“मग इथे कशाला आला होता?” शिपायाने विचारलं.

“संडासाचाच आजार आहे ना मला!”

“मग नंबर यायच्या वेळेला जाऊ नये.”

दुसऱ्या मंगळवारी नेमकं तेच झालं. दोनदा गैरहजर राहणारा कर्मचारी तपासणी टाळत आहे, असं एक पत्र कचेरीत पोचलं आणि साहेबांनी ते सूचनाफलकावर लावलं. तिसऱ्या मंगळवारी शेवंता बरोबर गेली. लीलाधर उठून गेला तशी ती बोर्डाच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि नंबर पुकारताच तिने दाराच्या फटीत पाय घातला.

“बाई, पाय काढा.”

“मालक येई राह्यनात. पाच मिनिट.”

“पेशंट पाहिजे. तुम्ही पेशंट आहात का?”

“मी पेशंटनी बायको शे. माले बी बठ्ठा आजार पाठ शे. इचारा!”

शिपाई विचारणार कसला? तो दार ओढत राहिला आणि ती पाय घट्ट रोवून राहिली, तेवढ्यात लीलाधर धापा टाकत आला.

आत तीन डॉक्टर होते. एक हाडांचे, एक डोळ्यांचे, आणि मधल्यांच्या निवृत्तीला काही महिने उरलेले. मधल्यांनी लीलाधरचे गाल पाहिले आणि त्यांचं अर्धं काम तिथेच झालं.

“वजन?”

“बासष्ट.”

“आधी किती होतं?”

“चोपन्न.”

“आठ किलो वाढलं!” ते हाडांच्या डॉक्टरांकडे वळून म्हणाले. “आजारी माणसाचं वजन वाढतं का कुठे?”

“गोळ्यांनी वाढलंय, सर. स्टेरॉइड आहे. मुंबईचे कागद आहेत, बघा—”

“म्हणजे गोळ्या लागू पडल्या.”

“नाही, सर, गोळ्या—”

“मग वजन कसं वाढलं?”

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते ऐकायला पाच मिनिटं लागली असती आणि बाहेर बावीस माणसं होती. दाखला मिळाला: ‘प्रकृती उत्तम. फिरतीच्या कामास योग्य.’ आठवड्याने पिंपळनेरच्या बदलीचा हुकूम आला. त्या दिवशी घरी जाताना पुलावर त्याने सायकल थांबवली, गोळ्यांची बाटली काढली आणि पांझरेकडे पाहिलं. पांझरेत पाणी नव्हतं. बाटली फेकायलाही नदी धड नाही, म्हणून तो आणखी चिडला आणि तसाच कुवरांकडे गेला.

“गोळ्या बंद. आजपासून. चेहरा उतरू द्या माझा.”

“बसा.”

“बसत नाही. या गालांनी माझा घात केलाय. मला आजारी दिसायचंय!”

“निकुंभ, बसा म्हणतो ना!” कुवरही ओरडले. त्यांच्या ओरडण्याने लीलाधर चकित होऊन बसला. “या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात. इतके दिवस स्टेरॉइड बाहेरून मिळतंय म्हणून शरीराने स्वतःचं बनवणं बंद केलंय. अचानक तोडलंत तर कोसळाल रस्त्यात. दर पंधरवड्याला एकेक कमी करायची, ठरवून. दुसऱ्या, आतड्याच्या गोळ्या चालू ठेवायच्या. विडीने हा आजार चिघळतो. सोडलीत ना?”

“सोडली.”

“पोट कसं आहे?”

लीलाधर जरा ओशाळून म्हणाला, “तीन वेळा. काल दोनच. रक्त नाही.”

“मग? झोपतोय तो. आणि तुम्ही त्याला लाथ मारून उठवायला निघालात.”

कुवरांनी दोन पानी पत्र लिहून दिलं आणि लीलाधरने अपील केलं. हुकूम आला की फेब्रुवारीच्या शेवटी फेरतपासणी होईल, तोवर बदली स्थगित. त्याने दर पंधरवड्याला एकेक गोळी कमी केली. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. पोट शांत होत गेलं. एक दिवस कचेरीत त्याला फळीची किल्ली एकदाच मागावी लागली, तेव्हा आप्पांनी काळजीने विचारलं, “बरं नाही का रे?” आणि गाल उतरायला लागले. आधी डोळे दिसू लागले, मग हनुवटी आली, मग गालाची हाडं. सूज होती ती गेली आणि खाली जो होता तो माणूस उरला.

“अरेरे!” दूधवाला म्हणाला.

“काय हो ही दशा!” शेजारीण म्हणाली. “किती छान झाले होते मध्यंतरी.”

शिंप्याने तर शेवंताला बाजूला घेऊन डॉक्टर बदलायचा सल्ला दिला. लीलाधरला ऑगस्टपासून पहिल्यांदाच बरं वाटत होतं, आणि सगळं गाव त्याच्याकडे शेवटचं बघितल्यासारखं बघत होतं.

फेरतपासणीच्या मंगळवारी नंबर नववा होता. पुकारला तेव्हा तो बाकावर हजर होता. तेच तिघं. मधल्या डॉक्टरांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा पडला.

“काय करून घेतलंत हे? गेल्या वेळी काय तब्येत होती तुमची!”

लीलाधर सकाळपासून स्वतःला बजावत आला होता: शांत राहायचं, थोडक्यात बोलायचं, पत्र पुढे करायचं. शेवंताने तर उंबऱ्यात त्याला शपथ घातली होती. पण ‘काय तब्येत होती तुमची’ हे शब्द कानावर पडले आणि ऑगस्टपासून साठलेलं सगळं एका दमात वर आलं.

“तब्येत? ती तब्येत होती? तेव्हा मी मरत होतो, साहेब! रक्त पडत होतं, आणि तुम्ही माझे गाल बघून मला पिंपळनेरला धाडलंत! आज मी बरा आहे. ऐका, आज मी बरा आहे! दोन वेळ जेवतो, सायकल चालवतो, आणि आज तुम्ही तोंड पाडून बसलात!”

“म्हणजे आजार गेला?” डोळ्यांच्या डॉक्टरांनी आशेने विचारलं.

“नाही गेला!”

“आत्ता म्हणालात, बरा आहे.”

“बरा आहे आणि आजारही आहे! दोन्ही! झोपलाय तो! पुन्हा उठेल. कधी उठेल ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, त्याला स्वतःला माहीत नाही! तो उठेल तेव्हा मला डॉक्टर जवळ पाहिजे आणि संडास जवळ पाहिजे. एवढंच मागतोय! यात न समजण्यासारखं काय आहे?” आणि त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की तपासायचा छोटा हातोडा उडून हाडांच्या डॉक्टरांच्या मांडीवर पडला.

दारातून शिपाई डोकावला. मधल्या डॉक्टरांनी त्याला हाताने थांबवलं, लीलाधरकडे टक लावून पाहिलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, “पाणी घेता का?”

“नको!”

“बरं, बरं. घरी कोण कोण असतं? झोप लागते? बाहेर बसा हं थोडं. कुणी काही करणार नाही तुम्हाला.”

अर्ध्या तासाने दाखला हातात आला. आतड्याचा त्यात उल्लेखही नव्हता. लिहिलं होतं: ‘स्वभाव अत्यंत चिडखोर. मनाचा तोल जाण्याचा संभव. कुटुंबापासून दूर ठेवू नये. मुख्यालयीच हलके काम द्यावे. क्षोभ होईल असे वर्तन सहकाऱ्यांनी टाळावे.’

लीलाधरने तो दोनदा वाचला. कान लाल झाले. “मी वेडा? मी?” तो फाडायला निघाला, तोच शेवंताने कागद हिसकावून छातीशी धरला.

“फाडू नका!”

“खोटं आहे ते! मी आता आत जातो आणि—”

“कोठे बी जावानं नही. धुयं पाह्यजे व्हतं ना? भेटनं. आते कसाले बोंब मारतस?”

“पण कारण खोटं आहे ना, शेवंता!”

“खरं कारण सांगीसन भेटनं व्हतं का?”

लीलाधरने तिच्या हातून कागद परत घेतला, त्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी आवकमध्ये दाखल करून पोच घेतली. खरं लिहिणाऱ्या माणसाने दाखल केलेला तो पहिला खोटा कागद.

त्यानंतर कचेरीत जे झालं ते पाहून कुणालाही कळेल की या देशात माणसाने कोणता आजार निवडावा. पिंपळनेरची बदली रद्द झाली. लीलाधरला हालचाल नोंदवहीतून सूट मिळाली. किल्लीची दुसरी प्रत करून त्याच्या टेबलाशेजारच्या खिळ्यावर लावण्यात आली. साहेबांनी तोंडी हुकूम दिला: निकुंभांचा आवाज चढला की सगळ्यांनी खोली रिकामी करायची आणि ते निवेपर्यंत आत यायचं नाही. लोकांना हा हुकूम फार आवडला. लीलाधरने नुसतं “काय?” असं जरा मोठ्याने विचारलं, तरी आठजण ‘टपालकामी’ लिहून व्हरांड्याबाहेर पडायचे. आजार आहे म्हणून सांगितलं तर हसले, आणि एकदा मूठ आपटली तर सगळे घाबरून नीट वागायला लागले. हे आठवलं की लीलाधरला खरोखरचा राग यायचा, आणि तो आला की खोली पुन्हा रिकामी व्हायची.

मार्चअखेरीची गडबड होती. दुपारी सगळे आपापल्या टेबलांवर मान खाली घालून बसले होते, तेव्हा भाईदास आप्पा उठले, एक फाइल घेऊन लीलाधरच्या टेबलाशी आले आणि उगाचच पानं उलटत उभे राहिले. ते खराब दिसत होते. सदरा अंगावर लोंबत होता. लीलाधरने वर पाहिलं.

“काय आप्पा?”

आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं, वाकले, आणि कचेरीतली पंचवीस वर्षांची शुद्ध भाषा सोडून घरातल्या भाषेत पुटपुटले, “लीलाधर... माले रगत पडस रे.”

लीलाधरने पेन खाली ठेवलं.

“दसरापाईन पडस,” आप्पा म्हणाले. “कोणलेच सांगेल नही. घरमा बी नही. तू जास ना त्या डॉक्टरकडे... तो कसा शे?”

दसऱ्यापासून. म्हणजे पाच-सहा महिने. म्हणजे साहेबांच्या दारात उभं राहून हा माणूस हसला, त्यानंतर थोड्याच दिवसांत. पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी कान टवकारले होते. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. आप्पा फाइल मिटून मागे सरकायला लागले.

लीलाधर ताडकन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात टेबलावर आपटले.

“काय समजता काय तुम्ही मला?” तो गरजला. “फाइल? ही फाइल आहे? सहा-सहा महिने दाबून ठेवता? लाज वाटत नाही?”

खुर्च्या सरकल्या. चपला वाजल्या. साहेबांच्या खोलीचं दार उघडलं आणि लगेच मिटलं. दोन मिनिटांत खोलीत पंखा आणि ते दोघंच उरले. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी म्हणालं, “बिचारे आप्पा! निवृत्तीच्या तोंडावर काय हे नशिबी.”

आप्पाही पळायच्या बेतात होते, पण लीलाधरने त्यांचं मनगट धरलं होतं. त्याने त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं, दुसरी खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लावून समोर बसला, आणि आवाज अगदी खाली आणला.

“बठा, आप्पा. उद्या सकायले मी तुमले कुवरकडे लई जास. आते माले बठ्ठं सांगा, पहिलेपाईन.” मग दाराकडे पाहून म्हणाला, “मधमा मधमा मी वरडसू. तिकडे ध्यान देवू नका.”